सहाशे मिलिमीटरचा माणूस

शहापूर-मुरबाडकडचा हौशी फोटोग्राफर लांबूनच ओळखू येतो, आणि त्यालाही सगळं लांबूनच बघायचं असतं. अंगात पानाफांद्यांच्या नक्षीचा शर्ट, त्यावर खिसेच खिसे असलेलं जाकीट, पाठीवर तिपाई आणि खांद्यावर पांघरूण घातलेली लांबलचक लेन्स. जंगलात पाखरांना दिसू नये म्हणून घेतलेला हा पोशाख तो आसनगावच्या रिक्षा स्टँडवर, साखरपुड्याला आणि ग्रामसभेलाही घालतो, तेव्हा मात्र सगळ्यांना दिसावं म्हणून. हा माणूस शाळेत मास्तर असेल, मुरबाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर असेल, नाहीतर पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा कारकून असेल. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. त्यामागोमाग माणसंही जाऊ लागली, फरक इतकाच की माणसं संध्याकाळी परत येतात. त्या दोन तासांच्या प्रवासात कोणी पत्ते कुटतं, कोणी टाळ वाजवतं, आणि हा दोन लेन्समधला फरक समजावणारे व्हिडिओ बघतो. डायनॅमिक रेंज, शटर काउंट, क्रॉप फॅक्टर हे शब्द त्याला भावकीच्या नावांपेक्षा पाठ असतात. चार हौशी लोकांत त्याच्या मताला वजन असतं, कारण त्याच्याकडे दीडशे-सहाशेची लेन्स असते आणि तिचंच वजन दोन किलो भरतं.

त्याची हौस खोटी नाही आणि पैसाही घामाचा आहे. तो चुकतो एका हिशेबात. कॅमेरा निवडताना त्याच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या कुणी काढलेला फोटो असतो: पाणवठ्यावर पाणी पिणारी वाघीण, तिचं प्रतिबिंब, मागे सगळं धूसर. म्हणून तो कॅमेरा घेतो ताडोबासाठी आणि राहतो वाशिंदला. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जायचं तर रजा, रेल्वेचं तिकीट, जिप्सीत सहा जणांची वर्गणी, आणि एवढं करून वाघाची मर्जी. उरलेलं सगळं वर्ष याच्यासमोर माहुलीचे सुळके, भातसा धरण, माळशेज घाट, म्हशाची जत्रा, गल्लीतली हळद आणि बहिणीकडचं बारसं. माझं म्हणणं एवढंच आहे की लेन्स तालुका बघून घ्यावी. तिथली हवा कशी, उजेड किती आणि ज्याचा फोटो काढायचा ते किती हातांवर उभं असतं, या तीन प्रश्नांची उत्तरं खिशात असली की फोर्टातल्या दुकानदाराला विचारण्यासारखं फारसं उरत नाही, फक्त भावाची घासाघीस उरते.

आधी हवेचं बघू. इथे मिलिमीटर मोजायचेच तर पावसाचे मोजावेत. वर्षाला अडीच हजारांच्या आसपास पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो. त्या चार महिन्यांत अर्धी मुंबई माळशेजला लोटते, कारण कडे धुक्यात असतात आणि धबधबे थेट रस्त्यावर. धुक्याचा नियम सरळ आहे. समोरची वस्तू जितकी लांब, तितकं मधलं धुकं जास्त. म्हणजे दूरचा कडा जवळ आणायला घेतलेली लेन्स कड्याऐवजी धुकं तेवढं जवळ आणते. उन्हाळ्यात याच्या उलट. उघड्या कातळावरून झळा थरथरत वर येतात आणि भर दुपारी धरणाच्या पलीकडच्या काठावर काहीही टिपलं तरी फोटो हललेलाच येतो. मग हा लेन्सची स्थिरीकरणाची सोय बिघडली म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतो. बिघडलेली असते हवा, आणि तिचं सर्व्हिस सेंटर नाही. धबधब्याला खरं तर लागते अठरा मिलिमीटरची रुंद नजर, एक भक्कम तिपाई आणि शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचा धीर. कॅमेऱ्यासोबत आलेली अठरा-पंचावन्नची किट लेन्स तिथे पुरून उरते. पण ‘प्लॅस्टिकची आहे’ म्हणून ती पहिल्याच महिन्यात कपाटात गेलेली असते, आणि कपाटात तिला बुरशी लागते.

या बुरशीबद्दल ते व्हिडिओ सहसा चकार शब्द काढत नाहीत, कारण ते करणारे एसीत बसलेले असतात. आपल्याकडे श्रावणात पापडाला आणि पट्ट्याला जी लागते तीच लेन्सच्या काचेलाही लागते. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघितलं की आत, दोन काचांच्या मधे, पांढरे बारीक धागे फाटे फोडत पसरलेले दिसतात. बाहेरून पुसून ते जात नाहीत. वेळेवर उघडून साफ केली तर ठीक, नाहीतर काचेवरचा लेपच खाल्ला जातो. उपाय तसा स्वस्त आहे: रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन बसले असं समजावं आणि मंद आचेवर कोरड्या तव्यात परतावेत. पुन्हा निळे होतात. पण लाखाच्या आसपासची लेन्स घेणारा माणूस डब्यासाठी पाचशे रुपये काढताना दहा वेळा विचार करतो. डबा कोणाला दाखवता येत नाही ना!

आता उजेड आणि अंतर. या दोन तालुक्यांत फोटोचा खरा हंगाम म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराईची खरी रात्र म्हणजे हळदीची. मांडवात पिवळा हॅलोजन, डीजेवर फिरणारे जांभळे दिवे, आणि नाचणारा नवऱ्याचा मामा एका जागी अर्धा क्षणही उभा राहत नाही. तिथे लांब लेन्सचं एफ ६.३ चं बारीक भोक घेऊन गेलेला माणूस काळोख टिपून परततो. पन्नास मिलिमीटरची एफ १.८ वाली साधी प्राइम लेन्स त्याच्या बारा पट उजेड आत घेते आणि तिची किंमत मोठ्या लेन्सच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. यातली बारा पट म्हणजे बाजारभाव नसून एफच्या आकड्यांच्या वर्गाचं साधं गणित आहे, आणि ते आपल्या माणसाला पाठही असतं. म्हशाच्या जत्रेत तर आणखी गंमत. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या त्या जत्रेत बैलांचा बाजार असा दाटतो की विकणारा, घेणारा, दलाल आणि बैल यांच्यात हातभर अंतर राहत नाही. दीडशे-सहाशेच्या लेन्सा साधारण पावणेतीन मीटरच्या आतलं काही फोकसच करत नाहीत. म्हणजे बैल शिंग लावायच्या बेतात असताना हा फोकससाठी मागे सरकत असतो. नाणेघाटात वैशाखऱ्याच्या बाजूने चढून गेलं की माथ्यावर सातवाहनांची गुहा लागते. भिंतींवर ब्राह्मी अक्षरं आहेत, आणि दोन हजार वर्षं वारापाऊस खाऊन ती पुसट झाली आहेत. त्यांना लांब लेन्स नको, महाग बॉडी नको. एका बाजूने तिरका उजेड टाकणारी बॅटरी हवी. अक्षराच्या खाचेत सावली पडली की अक्षर वाचता येतं. समोरून फ्लॅश मारला की सपाट दगड मिळतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप पक्षीवाल्यांचा, आणि तो नुसता उडवून लावण्यासारखा नाही. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं कोणाला सापडलं नव्हतं. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं, आणि २०१४ साली चक्क तानसा अभयारण्यात आढळलं. एवढीशी वीतभर चीज, सागाच्या फांदीवर. लांब लेन्स नसती तर ‘पिंगळा दिसला’ एवढंच म्हणून विषय संपला असता. फोटो हाच इथे पुरावा. मान्य, अगदी मान्य. पण या उदाहरणानं माझंच म्हणणं सिद्ध होतं. रानपिंगळा दिवसा वावरतो. पानगळ झालेली असते, सकाळचं ऊन असतं, झळा अजून उठलेल्या नसतात, तेव्हाच एफ ६.३ ची लेन्स काम देते. ज्याला ते झाड, तो महिना आणि ती वेळ माहीत आहे, त्यानं सहाशेची लेन्स जरूर घ्यावी; त्यानं तालुका बघूनच घेतली आहे. आपला नायक मात्र घुबड उठायच्या वेळेला व्हिडिओ बघत असतो आणि दुपारी बारा वाजता तानशाच्या फाटकावर पोचतो. तिथे त्याला खंड्या मिळतो. त्या खंड्यावर तो स्वतःच्या नावाचा शिक्का मारतो, आणि शिक्का खंड्यापेक्षा मोठा असतो.

दुसरा आक्षेप काटकसरीच्या वेषात येतो: ‘एकदाच घ्यायचं तर मोठंच घ्यावं.’ हा नियम घराच्या पायाला लागू आहे, कॅमेऱ्याच्या बॉडीला नाही. बॉडीचा भाव घसरतो, लेन्स टिकते. निकॉनचं लेन्स बसवायचं कडं १९५९ सालचं आणि कॅननचं १९८७ सालचं. तेव्हापासून त्यावर बसणाऱ्या लेन्सांचा डोंगर जमला आहे. २०१८ पासून दोन्ही कंपन्यांनी आरशाविना कॅमेऱ्यांकडे मोर्चा वळवला, त्यामुळे जुन्या डीएसएलआर बॉड्या आणि लेन्सा वापरलेल्या मालाच्या बाजारात पडत्या भावाने मिळतात. हौशी माणसाला यापेक्षा बरा मोका कुठला? फक्त एक खाच सांभाळावी. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या लहान बॉड्यांत फोकसची मोटर नसते. जुनी, स्वस्त ‘डी’ जातीची पन्नासची लेन्स त्यावर बसते छान, पण आपोआप फोकस करत नाही. ‘एएफ-एस’ लिहिलेली घ्यावी लागते. दुसरं, लहान सेन्सरच्या बॉडीवर पन्नासची लेन्स पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते. आपल्याकडच्या ओटीवर चार माणसं एका चौकटीत घ्यायची तर फोटोग्राफर मागे सरकत सरकत अंगणातल्या चिखलात जातो. घरात पस्तीसची बरी. आणि मेगापिक्सेल? चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत दोन कोटी चाळीस लाख ठिपके असतात. तो ज्या फुल एचडी पडद्यावर दाखवायचा, त्यात सुमारे वीस लाख. बाकीचे ठिपके पाहुण्यांसारखे येतात, कार्डावर जागा अडवून बसतात आणि कोणाला भेटत नाहीत.

तिसरा आक्षेप घरच्यांचा: ‘मोबाइलवर निघतात की चांगले!’ निघतात. कडक उन्हातलं माहुलीचं रूप, हिरवं भात, सणाचं ताट, यात मोबाइल आणि डीएसएलआर यांतला फरक सांगायला तज्ज्ञच लागेल. पण हळदीच्या मांडवात लहान सेन्सरवर मामाचा चेहरा रांगोळीच्या भुकटीसारखा फुटतो. तिथे साध्या मोबाइलच्या दहा पटींहून मोठा सेन्सर आणि उघडी प्राइम लेन्स कामाला येते. थोडक्यात, जिथे मोबाइल हरतो तिथेच डीएसएलआरला अर्थ आहे, आणि मोबाइल हरतो तो अंधारात आणि हलत्या माणसांत. वाघाच्या बाबतीतही हरतो, पण वाघ वाशिंदला येत नाही.

मग एवढं सगळं कळूनही हा सहाशेचाच हट्ट का धरतो? माझ्या मते खरं कारण मिलिमीटरात नाही, लाजण्यात आहे. छोट्या लेन्सनं माणसाचा फोटो काढायचा तर जवळ जावं लागतं, आणि ‘मावशे, काढू का एक फोटू?’ असं तोंडानं विचारावं लागतं. मावशी नाहीही म्हणेल, पैसे मागेल, किंवा ‘आधी माझ्या नातवाचा काढ’ म्हणेल. लांब लेन्स या सगळ्यातून सुटका करते. रस्त्याच्या पलीकडून कातकरी बाईचं हसू टिपायचं, त्याखाली ‘निरागसता’ लिहायचं, आणि तिला पत्ताही लागू द्यायचा नाही. याची किंमत शेवटी त्याच्याच घराला मोजावी लागते. गावात कोणी म्हातारं माणूस गेलं की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, आणि त्यावरचा फोटो भाच्याच्या लग्नातल्या घोळक्यातून कापलेला असतो. अर्धा कान गायब आणि खांद्यावर कोणाचा तरी परका हात राहून गेलेला. लाखाची लेन्स ज्या घरात आहे त्या घरातल्या आजोबांच्या फ्लेक्सवरही तोच परका हात असतो. आजोबा कायम पावणेतीन मीटरच्या आत बसलेले होते ना!

तेव्हा हिशेब असा मांडावा: आधी डबा, मग किट लेन्स न टाकता तिच्या जोडीला एक उघडी प्राइम, मग परवडेल ती वापरलेली बॉडी. ताडोबाचा योग आला तर मोठी लेन्स मुंबई-ठाण्यात दिवसाच्या भाड्यानं मिळते. यावर तो म्हणेल, भाड्याची लेन्स खांद्याला लावून लग्नात कसं मिरवणार? हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे, आणि त्यापुढे माझा युक्तिवाद संपतो. दागिना म्हणूनच घेतली असेल तर तिला उजेड किती, अंतर किती असं विचारण्यात अर्थ नाही. माणसानं खुशाल घालावी आणि चार लोकांत फिरावं. पावसाळ्यात तेवढी डब्यात ठेवावी, कारण सोन्याला बुरशी लागत नाही.