एका ॲपचे वारस

एडिसन, न्यू जर्सी

ति. बाबा व सौ. आई यांस,

डार्क स्काय हे हवामानाचे ॲप अमेरिकेत 2012 साली सुरू झाले आणि 31 डिसेंबर 2022 रोजी बंद झाले. ॲडम ग्रॉसमन आणि जॅक टर्नर या दोघांनी लोकांकडून पैसे गोळा करून ते तयार केले होते. आयफोनवर त्याची किंमत 3.99 डॉलर, तीही एकदाच. माणूस उभा आहे तिथे पुढच्या तासाभरात पाऊस येणार का, किती मिनिटांत येणार आणि कधी थांबणार, एवढेच ते सांगे. रडारवर दिसणारा पाऊस कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे हे पाहून तो पुढे सरकवायचा, असा त्यामागचा हिशेब. तासाच्या पुढे हा हिशेब विस्कटत जातो, त्यामुळे ॲपही तासापुरतेच छातीठोकपणे बोलत असे.

अमेरिकेतल्या मराठी घरात अशा ॲपचा खरा उपयोग वाळवणाला होतो. गहू भिजत घालून, चीक काढून, शिजवून केलेल्या कुरडया मागच्या डेकवर जुन्या चादरीवर पडलेल्या असतात. राखणीला नातवाला बसवलेले असते. तो खारींकडे न बघता फोनकडे बघतो. फोन थरथरतो, बारा मिनिटांत भुरभुर सुरू होणार असे त्यावर उमटते, आणि घरातली सगळी माणसे चादरीची चार टोके धरून आत पळतात. शेजारच्या गोऱ्या बाईला पहिल्यांदा आग लागल्यासारखे वाटले होते. आता ती ही धावपळ बघून आपली गाडी आत घेते.

हे ॲप ॲपल कंपनीने 31 मार्च 2020 रोजी विकत घेतले. अँड्रॉइड फोनवर ते त्याच वर्षी 1 ऑगस्टला बंद झाले, आयफोनवर मात्र 2022 अखेरपर्यंत चालू राहिले. ज्या घरात नवऱ्याकडे आयफोन आणि बायकोकडे अँड्रॉइड, त्या घरात या जवळपास अडीच वर्षांत पावसाची बातमी एकाच्याच हाती होती. तिचा गैरवापर झाला की नाही, याबद्दल सूनबाईचे मत वेगळ्या पत्राने येईल.

नवे ॲप शोधताना एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. बंद पडलेले ॲप इथला पाऊस आणि गावाकडचा पाऊस अशा दोन वेगवेगळ्या कामांना लावलेले होते आणि त्यातले एक काम त्याला कधीच येत नव्हते. मिनिटांचा अंदाज अमेरिका, ब्रिटन अशा मोजक्या देशांपुरताच होता. लातूर किंवा नांदेड टाकले की ॲप साधा अंदाज दाखवी आणि मुलगा तोच अंदाज मिनिटाच्या खात्रीने फोनवरून बाबांना ऐकवी. त्यात मेमध्ये एकदा तापमान फॅरनहाइटमध्येच सांगितले गेले. लातुरात 107 अंश हे ऐकून आईने देवापाशी दिवा लावला. ते आपले नेहमीचे 42 आहे असे कळल्यावर दिवा वाया गेला म्हणून बोलणी बसली.

न्यू जर्सीपुरता प्रश्न सहज सुटला. डार्क स्कायची बरीचशी विद्या ॲपलने आपल्या हवामान-ॲपमध्ये घातली आहे. नॉर्वेच्या हवामान संस्थेचे 'वायआर' फुकट आहे. 'कॅरट वेदर' नावाचे एक ॲप अंदाजासोबत वापरणाऱ्याला टोमणेही मारते. ही सोय घरात आधीपासून असल्याने त्याची वर्गणी भरली गेली नाही.

लातूरचा प्रश्न अवघड, कारण तिथे प्रश्नच निराळा आहे. एडिसनमध्ये पाऊस कधी येणार हे विचारले जाते; पडला किती, याची चौकशी कोणी करत नाही. लातुरात येणार कधी हे विचारतात ते हौसेने, आणि पडला किती हे विचारतात ते गरजेने. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग दर वर्षी सांगतो. त्याआधी सोयाबीन टाकले आणि खंड पडला, तर दुबार पेरणी. शेजाऱ्याच्या वावरात वाफसा आणि आपल्याकडे धूळ, अशा शिवारात जगभराचे अंदाज फार कामाला येत नाहीत. युरोपातल्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राच्या प्रारूपात जगाचे साधारण 9 किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात. फोनवरची बरीच ॲपे त्याच किंवा अमेरिकी सरकारच्या प्रारूपावर चालतात. हंडे दहा, आड दोनच. पाच ॲपे एकच सांगतात म्हणून अंदाज पक्का, असे मानून यंदा कोणी तिफण बाहेर काढू नये.

देशी साधनांत आधी घ्यायचे ते भारतीय हवामान विभागाचे 'मौसम', जुलै 2020 मध्ये आलेले. हिरवा, पिवळा, नारंगी, लाल अशा रंगांत ते जिल्ह्याला इशारा देते. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ त्या विभागातल्या फार तर पाव भाग केंद्रांवर पाऊस. ही पाव केंद्रे नेहमी लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचीच का असतात, या बाबांच्या तक्रारीला खात्याकडे उत्तर नसावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे 2025 मध्ये सुरू झाली. तिचे चौकोन 6 किलोमीटरचे. त्याच संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देते आणि ते बाबांच्या फोनमध्ये असलेच पाहिजे. इथे थट्टा नाही. आभाळ गडगडताना चिंचेखाली थांबायची सवय तेवढी मोडावी.

व्हॉट्सॲपवर फिरणारे परभणी जिल्ह्यातल्या पंजाबराव डखांचे अंदाज काका रोज न चुकता पुढे पाठवतात. ते तारखेनिशी असतात, म्हणून लोकांना आवडतात. सरकारी भाषेतल्या 'शक्यते'वर पेरणी करायला कोणाला धीर होत नाही.

आईची पद्धत या सगळ्यांहून जुनी. सूर्य पावसाच्या नक्षत्रात शिरतो तेव्हा त्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, 9 ने भागायचे, उरलेल्या बाकीवरून वाहन ठरते. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस चांगला. कोल्हा, मेंढा आले तर हात आखडता. यातला चौकोन अख्ख्या महाराष्ट्राएवढा असल्याने लातूरकडच्या अहमदपूरला आणि कोकणाला एकच म्हैस पुरवावी लागते, आणि हवामानशास्त्राचा त्याला आधार नाही. पण हे साधन विकत घेऊन बंद करता येत नाही, एवढा गुण त्याच्या पदरी टाकावाच लागतो.

राहिला पडलेल्या पावसाचा आकडा. तो कोणतेही परदेशी ॲप नीट देत नाही, कारण तो अंदाज नव्हे, मोजणी आहे. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसली आहेत. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीच्या पंचनाम्याचे पुढचे सगळे त्यावर हलते. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाची क्षमता 224 दशलक्ष घनमीटर, पण त्यात आज किती आहे हे गावाकडच्या पेपरातच बघावे लागते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हापासून या घरात पावसाआधी धरणाचा आकडा विचारला जातो. नांदेडच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे किती उघडले, हे काका फोटोसकट कळवतात. ती व्यवस्था आहे तशीच ठेवावी.

मंडळाचा आकडा मात्र बाबांनी पाठवायचा आहे. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, तेव्हा इथे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि सगळे जागे असतात. मागच्या खेपेसारखे 'आपल्याकडं बरा झाला' असे न लिहिता मंडळाचे नाव आणि मिलिमीटर लिहावेत. इंच लिहिल्यास 25.4 ने गुणायचे काम नातवाकडे जाते आणि तो त्याचे पैसे मागतो.