खांब आणि कांड्या

पोखर्णीच्या नृसिंहाला खांबातून प्रकटायला प्रल्हादाची हाक पुरली. मोबाइलची रेंज टॉवरमधून प्रकटेल की नाही, हे गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहिल्यावरच कळतं. निवडीला वाव भरपूर: 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 1900 वर मेसेज टाका म्हणतात; तो जायलाही रेंजच लागते म्हणा! जुलै 2024 च्या सुरुवातीला तिन्ही बड्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. जायचं कुठं? त्यात 28 दिवसांचा महिना, म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज. अधिकमास दरवर्षी, वाण मात्र जावयाऐवजी कंपनीला. मोबाइलच कशाला, घरात इंटरनेट किंवा टीव्हीची जोडणी घेतानाही जाहिरात बघू नका, शेजाऱ्याला विचारा. आणि सिम घेण्याआधी त्याच्या फोनवरच्या कांड्या मोजा, तेही घराच्या आत.