ट्रॉलीला घातलेला रेनकोट

वडिलांच्या मागं माझ्या वाटणीला दीड एकर रान, एक भांडखोर बांध आणि लाकडी तळाची ट्रॉली आली. रान फाळ्यानं दिलं. बांधावरचं भांडण धाकटा भाऊ आवडीनं सांभाळतो. ट्रॉली मात्र आपण पोटच्या पोरासारखी जपायची, असं मी ठरवलं, आणि तिथंच तिचे ग्रह फिरले.

हल्ली ट्रॉलीचा तळ पत्र्याचा असतो. वडिलांचा पत्र्यावर विश्वास नव्हता. त्यांनी खानापूरकडच्या मत्तीच्या जाड फळ्या बोल्ट मारून बसवल्या होत्या. (मत्ती म्हणजे पुण्याकडचा ऐन. झाड तेच, भाषावार प्रांतरचनेत नाव तेवढं बदललं.)

आमचं गाव सांबरा, बेळगावच्या विमानतळाचं. इथं पाऊस जूनमध्ये येतो आणि लांबच्या पाहुण्यासारखा पिशवी खुंटीला अडकवून गणपतीपर्यंत हलत नाही. त्याच्या आधी तळाचा बंदोबस्त करायला हवा होता. गॅरेजवाला म्हणाला, जळकं ऑईल फासा. फासलं. फळ्या काळ्याकुळकुळीत, दिसायला एकदम मजबूत. त्याच ट्रॉलीत बसून सासरे एका लग्नाला गेले आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराच्या मागं सगळ्या फळ्या बोल्टसकट छापून आल्या. जळक्या ऑईलनं बुरशी काही मरत नाही. सासरेबुवा मात्र वर्षभर बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी हिरव्या ऑईल पेंटचे दोन हात दिले, फटी लांबीनं बुजवल्या, आणि वर नवी ताडपत्री घालून चारी बाजूंनी अशी आवळली की वारा आत शिरायचा तर त्यानं माझी परवानगी घ्यावी. कोपऱ्यात शेणखताची शेवटची खेप थोडी चिकटून होती. तिकडं लक्ष गेलं नाही.

ऑगस्टात ताडपत्री सोडली. आत अळंबी उगवली होती. रीतसर, छत्र्या उघडून. बायको वाकून बघत म्हणाली, “अहो, भाजीला पुरतील की!”

सुतारमामांना बोलावलं. त्यांनी टोचा काढला आणि फळीच्या टोकाला लावला. शिजलेल्या सुरणात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

“गुरुजी, रंग झ्याक दिलायसा,” मामा म्हणाले, “खरं पाणी आत कोंडून वर झाकण मारलंयसा. लाकूड पाणी पितंय ते तोंडानं. तुम्ही पाठ रंगवलासा, तोंड उघडंच ठेवलासा!”

तोंड म्हणजे फळीचं कापलेलं टोक. झाड ज्या नळ्यांतून मुळाचं पाणी शेंड्याला नेतं, त्या तिथं उघड्या पडतात. मी तीस वर्षं पोरांना झाडाच्या याच नळ्या शिकवल्या, फळ्यावर आकृती काढून. माझ्या फळीलाही त्या असतील, हे डोक्यात आलं नाही. पुढं वाचलं, की लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिली तर कुजवणाऱ्या बुरशीचं काही चालत नाही. म्हणजे भिजण्यात गुन्हा नाही, भिजून वाळू न देण्यात आहे. मी ताडपत्रीखाली ऑगस्टापर्यंत तेच केलं होतं.

तेवढ्यात वरून विमान गेलं. मामांनी त्याच्याकडं बोट दाखवलं. “त्याचा रनवे बघा. बेचाळीसात साहेबानं धावपट्टी केली, ती काय ताडपत्री घालून? उतार दिलाय. पाणी पडलं की चाललं.”

मग कुजलेल्या फळ्या बदलल्या. दोन फळ्यांत खिळा जाईल एवढी फट ठेवली. ट्रॉलीची दांडी दगडावर चढवून पाणी मागं उतरेल असं केलं. शेणखत झाडून काढलं. आणि फळीच्या तोंडांना लावायला मामांनी काजूच्या टरफलांचं तेल आणलं. काजूचे कारखाने जवळच, तेव्हा माल ताजा. कोकणात होड्यांना हेच लावतात. वाळवीही त्याच्या वाटेला जात नाही.

“हातमोजं घाला,” मामा जाताना म्हणाले. मोजे शोधण्यात अर्धा तास गेला, म्हणून चिंधीनंच लावलं. रात्रीपर्यंत दोन्ही तळहात उतून टरारले. आठवड्यात कातडी सोलून निघाली.

मामा हिशेबाला आले, तेव्हा मी हात पसरून बसलो होतो. त्यांनी आधी ट्रॉली पाहिली, मग माझे हात.

“फळीला लावा म्हटलो होतो, गुरुजी.”

आतून बायकोचा आवाज आला, “असू दे हो मामा. वाळवी लागायची नाही तेवढी ह्यांना.”