चालण्याचे फायदे शोधणाऱ्या विद्वानांस घाटकोपरहून अनावृत पत्र

प्रति,
शहरातले चालणे, सायकल आणि सार्वजनिक आरोग्य यांचे समस्त संशोधक,
मु. पो. जिथे असतील तिथे.



आपला विषय घाटकोपरकरांना फार भावला. चालत्याफिरत्या माणसाचे हृदय ठणठणीत राहते, हे लंडनच्या जेरेमी मॉरिस यांनी 1953 मध्ये दुमजली बसच्या आधाराने दाखवून दिले. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. मॉरिससाहेब घाटकोपर स्टेशनात उभे राहिले असते तर त्यांना बसची गरजच पडली नसती. 8 जून 2014 पासून इथून वर्सोव्यापर्यंत मेट्रो धावते, आणि लोकलमधून उतरून तिच्यापर्यंत पोहोचणे हा जिन्यांचाच प्रयोग आहे. याच मार्गावरच्या असल्फाच्या टेकडीवरची घरे 2017 च्या अखेरीस रंगवली गेली. मेट्रोच्या काचेतून फोटो सुरेख येतात. त्या रंगीत भिंतींआड राहणारे लोक रोज किती पायऱ्या चढतात, हे फोटोत येत नाही.

आता आकड्यांकडे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2003-04 च्या हिवाळ्यात बृहन्मुंबईतल्या 5,000 घरांची पाहणी केली. कामावर पायी जाणारे निघाले 44 टक्के, गरिबांमध्ये 63 टक्के. एवढे लोक पायी चालावेत म्हणून युरोपातली शहरे सल्लागार नेमतात, रस्ते वाहनांना बंद करतात. मुंबईने ते पदपथाशिवाय साधले. मे 2025 मध्ये बेस्ट बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 झाले. त्याने किती पावले वाढली असतील! तरी त्याला आरोग्य योजना म्हणण्याचा मोठेपणा कुणी मिरवला नाही. रिक्षाचे किमान भाडे त्याआधीच, फेब्रुवारीत, 26 रुपयांवर गेले होते.

मग निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, हा 2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने छापलेला निष्कर्ष खोटा का? मुळीच नाही. घाटकोपरात पायी चालणे ही पैसे नसल्याची खूण आहे, आणि रस्ता ती खूण दर पावलाला अधोरेखित करतो. पेव्हर ब्लॉक उचकटलेला, पदपथावर मोटरसायकल चढवलेली, खोदकामाचे बॅरिकेड मधोमध. अशा वाटेवरून दहा वर्षे चालल्यावर माणूस पहिल्या बोनसमध्ये बूट घेत नाही, स्कूटरचा हप्ता भरतो. याला आपण सुस्ती म्हणता. (फेरीवाल्याला मात्र सरसकट दोष देऊ नये. त्याच्याकडची भाजी वाटेवर मिळते म्हणून तर कित्येकजणी स्टेशनवरून रिक्षा न करता घरी येतात. पदपथावर चढलेल्या गाडीचा असा कोणता उपयोग?)

सायकलींचीही आबाळ नाही. 2021 मध्ये जागृती नगर मेट्रो स्थानकाबाहेर भाड्याच्या सायकली आल्या. त्या घेऊन रस्त्यावर उतरायचे कुठे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा होता. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायकल मार्गिका वाहने उभी करण्याच्या कामी आल्या. पवई तलावाकाठचा मार्ग मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला.

पण आपल्या अभ्यासाला खरे खाद्य आहे ते तानसा जलवाहिनीच्या काठी. न्यायालयाच्या आदेशाने जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा झोपड्या हटवून मोकळी करण्यात आली. त्या पट्ट्यात मुलुंडपासून शहराकडे येणारा 39 किलोमीटरचा सायकल आणि चालण्याचा मार्ग आखला गेला. त्याचे नावही झकास, ‘हरितवारी जलतीरी’. वारीला निघालेल्यांनी शुद्ध हवा घ्यावी, हा हेतू उत्तम. तिथून उठवलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना मात्र माहुलला पाठवले गेले, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. घाटकोपरला खेटून असलेल्या विद्याविहारला जलवाहिनीकाठच्या विस्थापितांनी 2018 च्या ऑक्टोबरपासून कित्येक महिने रस्त्यावर ठाण मांडले. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना माहुलच्या प्रदूषणात राहायला भाग पाडता येणार नाही असे सांगितले, आणि पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा 15,000 रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. एकाच जागेने एकाला व्यायाम दिला आणि दुसऱ्याला खोकला. आपल्या तक्त्यात या दोघांसाठी एकच रकाना असेल तर तो तक्ता आधी फाडावा.

हवेचे भय दाखवून सायकल नाकारणाऱ्यांना केंब्रिजच्या अभ्यासकांनी 2016 मध्येच उत्तर दिले आहे. दिल्लीसारख्या हवेतही आठवड्याला पाच तासांपर्यंत सायकल चालवण्याचा फायदा तोट्याहून जास्त भरतो, असे त्यांचे गणित सांगते. त्या गणितात मागून हॉर्न वाजवत येणारा डंपर धरलेला नाही, एवढेच.

तेव्हा विद्वानहो, इथल्या माणसाच्या मनगटाला पावले मोजणारे घड्याळ बांधू नये. पावले भरपूर आहेत. मोजायची तर वाट मोजावी.

आपले नम्र,
घाटकोपर पूर्व व पश्चिमचे पादचारी

ता. क. येताना मोजपट्टी आणावी. इंडियन रोड्स काँग्रेसने 2012 च्या मार्गदर्शिकेत पदपथावर किमान 1.8 मीटर रुंदीची अडथळामुक्त वाट सांगितली आहे. एलबीएस मार्गावर अशी वाट सलग शंभर पावले सापडली, तर कुणाला कळवू नये. खोदकामाच्या यादीत ती नजरचुकीने राहून गेली असावी.