बोधचिन्हाची बोंब

जुन्या डीटीपीच्या काळात ढीगभर मराठी मजकूर नाना तऱ्हेच्या फाँटांमध्ये अडकून पडला. तो सोडवून युनिकोडमध्ये आणणारं एक लहानसं सॉफ्टवेअर आम्ही काही मंडळी मिळून चालवतो. मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. वापरा, बदला, वाटा. पगार नाही, कचेरी नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने करून प्यायचा. रफार नेमका कुठल्या अक्षरावर चढवायचा, या छळवादी प्रश्नाचा कोड कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीने रात्री जागून लिहिला. त्यावर ‘ठीक दिसतंय’ एवढाच शेरा आला आणि तो आत गेला. मग कुणीतरी म्हणालं, आपल्याला एक लोगो पाहिजे. आमच्या प्रकल्पात इतकी माणसं आहेत हे त्या दिवशी कळलं.

यात नवल काही नाही. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ च्या आपल्या पुस्तकात एक समिती रंगवली आहे. ती अणुभट्टीचा कोट्यवधींचा प्रस्ताव अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण अणुभट्टीतलं कुणालाच काही कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडवर मात्र पाऊण तास चर्चा होते, कारण पत्रा सगळ्यांनी पाहिलेला असतो. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त संगणक प्रणालीवर काम करणाऱ्या पॉल-हेनिंग काम्प यांनी वैतागून हाच दाखला आपल्या सहकाऱ्यांना ऐकवला. तेव्हापासून प्रोग्रामर लोकांत अशा वादाला ‘बाइकशेडिंग’च म्हणतात. आपल्याकडे कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जाऊन बसलं तरी चालेल. लिफ्टचं कंत्राट हात वर करून मंजूर आणि बाहेरच्या भिंतीला बदामी की पिस्ता यावर रात्रीचे साडेअकरा.

तर सूचना आल्या. बोरू आला, दौत आली, वर्तुळातला ‘अ’ आला. कुणी मोराची सूचना केली. मोर पडद्यावर झकास दिसत होता, पण ब्राउझरच्या टॅबवर लोगोला लांबीरुंदीला सोळा-सोळा पिक्सेल मिळतात. तिथे त्याचा हिरवा डाग झाला. म्युनिकहून एका गृहस्थांनी ‘जागतिक वाटावं म्हणून’ अमूर्त त्रिकोण पाठवले. एका निवृत्त मुद्रितशोधक काकांनी त्या त्रिकोणांच्या अंतरातही चूक काढली.

खरी ठिणगी पडली ती ‘ल’वर. प्रकल्पाच्या नावात ल आहे. कुणीतरी नाव सरळ टाइप करून पाठवलं आणि फाँटने आपला हिंदी वळणाचा, दांडीवाला ल काढून दाखवला. काका खवळले. पाकळीचा ल आणि देठाचा श हा मराठीचा हक्क आहे, असं म्हणून त्यांनी शासन निर्णयाची पीडीएफच जोडली. त्यावर मुक्ता वापरा, नाही बालू वापरा, असे दोन पक्ष पडले. हे दोन्ही फाँट मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे आणि दोन्ही मुक्त परवान्याचे, त्यामुळे भांडायला खरं म्हणजे कारणच नव्हतं. पण ते कुणाच्या आड आलं नाही. शिरोरेषा हवी की नको हा वाद निराळा. तो मी मनःशांतीसाठी वाचलाच नाही.

चिडून मी मोठ्या मुक्त प्रकल्पांच्या घरी काय झालं ते शोधायला बसलो. पहिला अर्थातच लिनक्सचा टक्स, तो पोट सुटलेला पेंग्विन. १९९६ मध्ये लिनक्सला चिन्ह हवं म्हणून गरमागरम चर्चा चालू होती. बलवान, चपळ प्राणी सुचवले जात होते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मध्येच पेंग्विनचा विषय काढला. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात आपल्याला एक पेंग्विन चावला होता, असं ते सांगत. शिवाय तो कसा असावा हेही त्यांनी सांगून टाकलं: पोटभर हेरिंग मासे खाऊन, नुकती ढेकर देऊन, सुखाने बसलेला. जगातल्या सर्व्हरांचं ओझं पुढे ज्याच्या खांद्यावर येणार होतं, त्याची मुद्रा दुपारच्या जेवणानंतरची! टेक्सासच्या लॅरी युइंग यांनी तो जिंप या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काढला. मला सगळ्यात आवडते ती त्यांची अट. चित्र हवं तसं वापरा, बदला. फक्त कुणी विचारलंच तर माझं आणि जिंपचं नाव सांगा.

विशेष म्हणजे लिनक्सच्या लोगोसाठी स्पर्धाही झाल्या, एक नाही, तीन. टक्स त्यातली एकही जिंकला नाही. जिंकलेली चित्रं आज कुणाला आठवत असतील तर त्यांनी हात वर करावा.

फ्रीबीएसडीची गोष्ट याहून बहारीची. पडद्याआड गुपचूप काम करणाऱ्या प्रोग्रामला युनिक्सच्या दुनियेत ‘डीमन’ म्हणतात, म्हणून बीएसडीवाल्यांनी लालबुंद, शिंगंवाला, हातात त्रिशूळासारखा काटा घेतलेला एक गोंडस राक्षस पाळला. नाव बीस्टी. त्याला गाजवणारी चित्रं जॉन लॅसेटर यांनी काढली. ‘टॉय स्टोरी’ दिग्दर्शित करणारे तेच ते. पायात बूट, चेहऱ्यावर खट्याळ हसू. पण काही धार्मिक मंडळींना सैतान खपेना आणि कंपन्यांच्या गंभीर साहेबांसमोर तो दाखवायला अवघड वाटू लागला. म्हणून २००५ मध्ये रीतसर स्पर्धा घेऊन नवा लोगो निवडला. तो कसा? एक चकचकीत लाल गोळा आणि वर दोन शिंगं! राक्षसाचं धड, हात, पाय, शेपूट, बूट आणि हसू, म्हणजे ज्याला कुणी हरकत घेतली नसती ते सगळं गेलं. ज्यावरून बोंब होती ती शिंगं तेवढी राहिली. समितीचं काम इतकं चोख मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. बीस्टीला मात्र कुणी हाकललं नाही. तो शुभंकर म्हणून अजून घरातच आहे.

डेबियन ही लिनक्सवरची एक प्रणाली. तिच्या मंडळींकडे चक्क राज्यघटना आहे. मतदानात पर्यायांना पसंतीक्रम द्यायचा असतो, आणि कित्येक वर्षं मतपत्रिकेवर ‘आणखी चर्चा’ हाही एक अधिकृत पर्याय असे. (हे आमच्याकडे आलं तर तोच निवडून येईल.) १९९९ मध्ये त्यांनी मत देऊन लाल भोवरा निवडला. लोगोची दोन रूपं होती, एक सर्वांना खुलं आणि एक अधिकृत कामापुरतं. मग त्या दोहोंची अदलाबदल करावी का, यावर आणखी एक मतदान झालं! झाली अदलाबदल. आज जगभर दिसतो तो नुसता भोवरा. ज्या बाटलीतून तो निघतो, ती बाटली अधिकृत रूपाबरोबर कपाटात आहे. इतकं करूनही भोवरा सुंदर आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं.

विकिपीडियाचा कोड्याच्या तुकड्यांचा गोलही २००३ च्या खुल्या स्पर्धेतूनच आला. त्यावर नाना लिप्यांची अक्षरं, आणि त्यात आपला देवनागरी ‘वि’. त्याची ऱ्हस्व वेलांटी मात्र चुकीच्या बाजूला पडली होती. २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर बातमी केली, दुरुस्ती झाली २०१० मध्ये. कुणीही येऊन क्षणात चूक सुधारावी अशी ज्याची ख्याती, त्याच्या कपाळावरची वेलांटी हलायला इतकी वर्षं लागली! हे मी आमच्या काकांना कळवलं. त्यांनी दोन दिवस कुणाशी भांडण केलं नाही.

एवढं सगळं वाचून माझं मत पक्कं झालं. चित्र एकानेच काढावं, तेही थोडं हट्टी असणाऱ्याने, आणि समाजाने त्यावर फक्त हो किंवा नाही म्हणावं. मतदानाने निवडलेलं चिन्ह बहुधा सर्वांना सर्वांत कमी खुपणारं असतं, सर्वांत आवडतं नसतं. डेबियनचा भोवरा हा अपवाद समजावा. अर्थात हे मत मी मांडलं तेव्हा त्यावरही मतदान घ्यावं अशी सूचना आली. ती म्युनिकहून.

अखेर रफारवाल्या मुलीनेच एका रविवारी पाकळीचा एक ल हाताने काढला, स्कॅन केला, आणि कुणालाही न विचारता जागेवर लावून टाकला. सोळा पिक्सेलमध्येही तो ल दिसतो. काकांनी पाकळी जराशी जाड आहे एवढंच म्हटलं. म्हणजे मंजूर.

तेव्हा वाचकहो, आम्हाला आता लोगो नको आहे; मोर, दौत, त्रिकोण कृपया पाठवू नका. हे सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची मराठी माहितीपुस्तिका मात्र अजून कुणीही लिहिलेली नाही. त्या कामाबद्दल आजवर एकाही माणसाने मत मांडलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. लिहिणार असाल तर जरूर या.