कट्ट्यावरचा पाय

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पहाटे साडेपाचला एक पाय टाकून जे उभे असतात, त्या नवधावकांचा खरं तर जाहीर सत्कार व्हायला हवा. न ताणता धावलं की स्नायू गेलाच, हे त्यांना पुरतं पटलेलं आहे. व्यायामाआधी ताणल्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं शंभरात जेमतेम अर्ध्या गुणाने कमी होतं, असं २०११च्या कॉक्रेन आढाव्यात निघालं. अर्धा तर अर्धा! अर्ध्या गुणासाठी आपण पेपर फेरतपासणीला देतोच की.

आमच्या शेजारच्या काकांची शिस्त तर आदर्श. वीस मिनिटं पोटऱ्या, वीस मिनिटं मांड्या, मग कंबर. तोवर ऊन चढतं, आणि उन्हात धावणं बरं नव्हे, म्हणून ते चहाला जातात. तीन वर्षांत धावताना एकही दुखापत नाही. (सावकाश सुरुवात करा, अंतर हळूहळू वाढवा, असं सांगणाऱ्यांनी असा विक्रम दाखवावा.)

गेल्या रविवारी मात्र कट्ट्यावरून पाय उतरवताना काकांची पोटरी धरली. लंगडतच घरी आले, पण चूक लगेच ध्यानात आली: स्ट्रेचिंगच्या आधी स्ट्रेचिंग राहून गेलं होतं.

पोटरी सुटली की साडेचारला येणार आहेत.