बापाचा बटाटा, लेकाचा बटाटा

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर, मृगाकडे डोळे लावून आणि पंजाबातून मंचरला उतरलेले बियाणे उधारीवर उचलून जो गृहस्थ बटाट्याची लागवड करतो, त्याचेच चिरंजीव माजघरात लोळत ‘माइनक्राफ्ट’ नामक खेळात तेच पीक घेतात, आणि तेही, खेदपूर्वक नमूद करावे लागते, तीर्थरूपांहून अधिक किफायतीने. तेथे दिवस वीस मिनिटांचा. चार चौकटींच्या आत पाणी असले की जमीन आपोआप ओली. करपा त्या सृष्टीच्या निर्मात्यांस ठाऊकच नसावा. आणि एक बटाटा पुरला असता दोनपासून पाचपर्यंत हाती येतात, शेकडा दोन रोपांपाशी एखादा विषारी बटाटा वरकड निघतो एवढीच काय ती खोट. (बटाटा हे मूळ नसून खोड आहे, हा वनस्पतिशास्त्राचा दाखला दोघेही सारख्याच निष्ठेने दुर्लक्षितात.) रात्री प्रेते चालून येतात खरी, परंतु शेजारच्या जुन्नर तालुक्यात जेथे बिबट्यांसाठी माणिकडोहास निवारा केंद्र चालवावे लागते, त्या मुलखातील पोरास प्रेतांची काय मातब्बरी? उलट मारलेल्या प्रेतापाशी क्वचित बटाटाच सापडतो. म्हणजे बियाणेही फुकट.

परवा तीर्थरूपांनी भाव विचारला.

“सव्वीस बटाट्यांना एक पाचू, अण्णा.”

अण्णा बराच वेळ विचारमग्न राहिले आणि मग म्हणाले, “हमाली, तोलाई कापून?”